दहावी खाट

ज्योतीराम कदम चिखलीत पहिल्यांदा आला, तेव्हा आश्रमातल्या म्हाताऱ्या छबूबाईंनी त्याच्या हातात काठी दिली आणि त्याला कावळे हाकायला बसवलं.

तो सरकारी तपासनीस होता. चिंचवड स्टेशनपासून भर उन्हात सायकल हाणत आला होता आणि फक्त घोटभर पाणी मागत होता. पण वैशाखात अंगणात उभा राहिलेला रिकामा माणूस छबूबाईंना बघवत नसे. बिचारा बसला. मांडीवर कागदांची पिशवी, हातात काठी आणि समोर नऊ खाटांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया.

तासाभरानं इंदू बाहेर आली. हात कोपरापर्यंत चिकानं भरलेले. कपाळावरची बट मनगटानं मागं सारता सारता ती थबकली.

“आपण…?”

“तपासणीला आलोय. जिल्हा कचेरीतून.” तो अदबीनं उठला. “कावळे एकूण सतरा आले. नुकसान नाही.”

इंदूनं हसू गिळलं. हसण्यासारखे दिवस नव्हते. वडिलांच्या मागं त्यांच्या धान्याच्या वखारीत तिनं दहा म्हाताऱ्या माणसांना आसरा दिला होता. कुणाचा मुलगा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागून एका खोलीच्या बिऱ्हाडात गेला होता, कुणाला मुलगाच नव्हता. आणि आता नोटीस आली होती – मे अखेरपर्यंत परवाना घ्या, नाहीतर आश्रम बंद. मग हे दहा जण जातील कुठं?

“माणशी एक खाट पाहिजे,” ज्योतीरामनं यादी वाचली. “माणसं दहा. खाटा नऊ.”

“अहो, दहा होत्या! सकाळीच मोजल्यात मी.”

“आणि खाटांवर माणसं झोपली पाहिजेत. कुरडया नाही.”

“कुरडया फक्त दिवसा झोपतात,” इंदू म्हणाली.

त्यानं ते गंभीरपणे लिहून घेतलं.

खरं तर रात्रीही खाटेवर कुणी झोपत नसे. खाटेवर पडायचं ते आजाऱ्यानं, असं त्या दहाही जणांचं ठाम मत. सगळे घोंगडी टाकून जमिनीवर. नियम करणाऱ्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

जाताना त्यानं एक कोरी वही दिली. भेटीला येणाऱ्यांची नोंद ठेवायची – नाव, वेळ, नाते. पहिली नोंद त्यानं स्वतःच केली. ‘नाते’ या रकान्यात लिहिलं, ‘सरकार’.

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला. विहिरीला कठडा झाला होता, भिंतींना चुना लागला होता. खाटा नऊ. त्याच्या पुढच्या मंगळवारसाठी इंदूनं शेजारच्या सोपानरावांची खाट मागून आणली. सकाळी मोजल्या तर अकरा. तो आला तेव्हा नऊ.

“मला बघून तुमच्या खाटांना पाय फुटतात,” तो म्हणाला.

“पाय आहेतच त्यांना, चार-चार. तुम्ही येता म्हणून पळतात.”

“मग… मी यायचाच थांबलो तर?”

“तर–” इंदू म्हणाली, आणि चहात आलं घालायचं राहिलं म्हणून आत पळाली. चहात आलं होतं.

सगळं गाव तिला इंदुताई म्हणे. ज्योतीराम मात्र ‘इंदु’पर्यंत यायचा आणि खोकायचा. आश्रमातल्याच अंबूबाईंनी त्याला दोन मंगळवार ज्येष्ठमधाचा काढा पाजला. गुण आला नाही.

मुदतीचा शेवटचा दिवसही नेमका मंगळवार निघाला. कुरडया डब्यात गेल्या होत्या. इंदूनं दटावल्यामुळं म्हातारी माणसं एकेका खाटेवर परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. खाटा नऊ. दहाव्या, भैरूअण्णांचा पत्ता नव्हता.

“एक खाट जास्त लिहिली तर…?” इंदूनं हळूच विचारलं.

त्याचं पेन थांबलं. “लिहीन. पण मग खोटं लिहिणारा माणूस म्हणून जन्मभर राहीन तुमच्या डोळ्यांसमोर.”

“जन्मभर?”

तो खोकला.

डोळे भरले तसे ते लपवायला इंदू परसात गेली. तिथं कडब्याच्या गंजीतून लाकडी पाय बाहेर आला होता, आणि गंजीवर भैरूअण्णा राखणीला बसले होते.

“अण्णा! हे काय?”

“खाट हाय,” भैरूअण्णा शांतपणे म्हणाले. “खाली सोपानरावाची बी हाय.”

“अहो, आज आश्रम बंद होईल!”

“परवाना दिल्यावर त्यो पोरगा कशाला यील परत? कावळं मोजीत बसला त्याच दिशी आमी समद्यांनी मिळून ठरीवलंय.”

“आणि तुम्ही कुठं जाल?”

“आमाला काय, देवळाच्या पडवीत पडू. दोन-चार वर्साचा सवाल. तुझं लई आयुष्य पडलंय, बाय… एकटीनं कसं काढशील?”

इंदूला खूप रागवायचं होतं. तिनं नाक पुसलं, खाटेचा एक पाय धरला आणि ओढायला लागली. शेवटी अण्णाच खाली उतरले.

खाट पुढच्या दारी आली.

“वापरात आहे?” ज्योतीरामनं विचारलं.

भैरूअण्णा गुमान आडवे झाले. उभ्या हयातीत पहिल्यांदा. डोळे मिटलेले, हात छातीवर. ते बघून छबूबाईंनी सवयीनं हुंदका दिला. अंबूबाई तुळशीचं पान शोधायला निघाल्या.

‘खाटा दहा. वापरात,’ असं लिहून ज्योतीरामनं सही केली, शिक्का मारला आणि परवाना इंदूच्या हातात दिला.

“झालं काम.”

“हो… झालं.”

“आता यायला काही कारण–”

“नाही उरलं,” इंदू परवान्याकडे बघत म्हणाली. त्यावरचं एकही अक्षर तिला दिसत नव्हतं.

सायकल फाटकाबाहेर गेली. कडुनिंबापर्यंत गेली. वळणावर दिसेनाशी झाली… आणि घंटी वाजवत परत आली.

“वही द्या,” ज्योतीराम धापा टाकत म्हणाला. “सहीच्या आधी हे लिहिता येत नव्हतं.”

त्यानं नाव लिहिलं. वेळ लिहिली. ‘नाते’ या रकान्यापाशी पेन अडलं. कठड्यावर एक कावळा बसला होता, त्याला त्यानं सवयीनं हाकललं. मग लिहिलं – ‘विचाराधीन’.

आणि वही तिच्यापुढे सरकवली.

इंदूनं वाचलं. परत वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नऊ खाटांवर कुणी श्वास घेत नव्हतं, आणि दहाव्या खाटेवर भैरूअण्णांनी एक डोळा उघडला होता.

तिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं –

‘मंजूर. खाट स्वतःची आणावी.’