दोघींचं पीठ

मिरजेच्या वृषालीआजींना एकशेचारावं वर्ष लागलं, त्याचं कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. त्यांच्या गल्लीत शंभरी ओलांडलेलं माणूस घरटी एक होतं. टंचाई होती ती कौतुक करणाऱ्यांची.

आजींना सांभाळायला 'सोबत' होती. सोबत म्हणजे कुणी बाई नव्हे, ते घरच होतं. भिंती बोलायच्या, ओट्यावरचे यांत्रिक हात स्वयंपाक करायचे, आरामखुर्ची गुडघे चोळून द्यायची. नुसतं शरीर सांभाळून भागत नाही, जगण्याला कारण लागतं, हे सोबतला पक्कं ठाऊक होतं. म्हणून रोज संध्याकाळी पडद्यावर कुठकुठली मुलं आजींकडून अपूर्णांक शिकायची. शिकवणी संपली की पडदा काळा व्हायचा आणि आजी स्वतःशीच म्हणायच्या, "चला, झालं." एवढ्या सुखसोयींत त्यांना ऐकू येणारं माणसाचं बोलणं तेवढंच होतं. आणि रविवारी ईश्वरीचं.

ईश्वरी ही त्यांची एकुलती एक लेक. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ऑस्ट्रेलियात पर्थला एकटीच राहणारी. ती या मंगळवारी येणार होती. पाडव्यालाही येणार होती, त्याआधी गौरींनाही. दर वेळी आयत्या वेळी सोबत हळू आवाजात सांगायची, "ताईंचा गुडघा पुन्हा सुजलाय. तुम्ही विचारू नका हं, त्यांना वाईट वाटतं." आजी विचारत नसत. लांबच्या लेकीला आपण कशाला टोचायचं?

सोमवारी सकाळी त्यांनी उद्याच्या आंबोळ्यांसाठी ठेवलेल्या पिठाचं झाकण सहज उचललं. ईश्वरीला आंबोळ्या जीव की प्राण. एका बैठकीत सहा खाणारी पोरगी ती. पीठ छान फुगून आलं होतं, पण पातेल्याच्या तळाशी. एकटीपुरतं.

आजी झाकण हातात धरून उभ्या राहिल्या. ईश्वरी येणार नाही, हे या घराला तांदूळ भिजत घालतानाच ठाऊक होतं तर!

"डॉक्टरांना बोलाव," त्या म्हणाल्या. "पडद्यावर नको. घरी."

डॉक्टर मगदूम दुपारी आले. सोबतमागचं शास्त्र ज्यांनी उभं केलं, त्यांच्यापैकी ते एक. आजींनी पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"स्वयंपाकघराला खोटं बोलायला शिकवायचं राहिलं," ते म्हणाले.

"बाकी सगळ्यांना शिकवलंत वाटतं?"

"आजी, वाट पाहणाऱ्या माणसाच्या मेंदूत एक द्रव्य पाझरतं. आम्ही त्याला प्रतीक्षिन म्हणतो, लोक वाटरस म्हणतात. तो रक्तात असला की शरीर आपली डागडुजी मन लावून करतं. नातीच्या लग्नापर्यंत तग धरणारे आणि अक्षता पडल्यावर आठवड्याभरात जाणारे आजोबा तुम्ही पाहिले असतील."

"आमचे मामा तसेच गेले."

"तेच ते. याची गोळी करता येत नाही. खऱ्या माणसाचीच वाट पाहावी लागते. आणि ते माणूस येऊन भेटलं, की वाटरस आटतो. चार दिवस आनंदाचे जातात, मग उतरण लागते."

"म्हणून माझ्या लेकीला अडवलंत?"

"तुम्हीच म्हणाला होतात, काय उपाय करायचा तो करा, मला सांगत बसू नका."

"उपाय म्हणाले होते हो. शिक्षा नव्हे." आजींनी पातेलं बाजूला सारलं. "मला नको असलं आयुष्य. येऊ दे तिला. पोटभर बघते आणि जाते."

डॉक्टरांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "तिकडे पर्थलाही सोबतच आहे, आजी. ईश्वरीताईंचं हृदय दहा वर्षांपूर्वीच थकलंय. त्या कुणाची वाट पाहत असतील असं वाटतं तुम्हाला?"

आजी खुर्चीत बसल्या. खुर्ची गुडघे चोळू लागली. "थांब गं," त्या तिच्यावर खेकसल्या.

"तिला काय सांगता?"

"आईला अशक्तपणा आलाय, तिला विचारू नका, वाईट वाटेल. दोघींनाही एवढंच सांगावं लागतं. पुढचं तुम्ही मायलेकीच सांभाळता."

हे मात्र खरं होतं. इतक्या रविवारांत एकीनेही दुसरीला स्पष्ट विचारलं नव्हतं. पाऊसपाणी, भाजीपाला, शेजारची मांजर, सगळं बोलून झालं. काळजी तेवढी दोघींनी गिळली.

"आता मला कळलं. माझा वाटरस?"

"आटेल," डॉक्टर म्हणाले. "त्यांचा टिकवायचा की नाही, ते तुमच्या हातात आहे. तुम्ही बोलावलंत तर मी अडवणार नाही."

संध्याकाळी ईश्वरीचा फोन आला, रविवार नसताना. आवाजात लहान मुलीचा उतावळेपणा होता. "आई, बॅग भरली गं. या वेळी काही झालं तरी येते."

आजींना वाटलं, ये म्हणावं. आत्ता, अशीच ये. तिचे पांढरे झालेले केस एकदा विंचरावेत, वेणी घालावी, मग काय व्हायचं ते होवो. 'ये' हा एकच शब्द ओठांवर होता.

"ईशू," त्या म्हणाल्या, "उद्या नको गं. मला जरा बरं नाही. दिवाळीला ये."

ईश्वरीने कारण विचारलं नाही. ती कधीच विचारत नसे.

"बरं," ती म्हणाली. "मग दिवाळीला नक्की. आंबोळ्या करशील ना?"

"करीन की. बॅग तशीच राहू दे."

फोन ठेवल्यावर आजी भिंतीला टेकून रडल्या, अगदी आवाज करून. घरात लपवायचं तरी कुणापासून? मग तोंड धुतलं आणि ओट्यापाशी गेल्या.

"सोबत, उद्यासाठी पुन्हा तांदूळ भिजत घाल. दोघींचे."

"पण ताई येणार नाहीत," सोबत म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने खरं सांगितलं होतं.

"माहीत आहे," आजी म्हणाल्या. "तरी भिजव."