दुपारी दाखवलेलं घर

माझा मुलगा घरं विकतो. गिऱ्हाइकापुढे तोंडाचा पट्टा थांबत नाही, आणि मनातलं सांगायची वेळ आली की मिठाची गुळणी! ह्याचे वडील असे नव्हते. त्यांनी मला दुसऱ्या भेटीतच विचारून टाकलं होतं.

त्या दिवशी मी ह्याच्याबरोबर गेले होते, स्टूल धरायला. कारखान्यानं माणसं काढली होती आणि गल्लीत घरामागून घर विकायला निघालं होतं. हा एका दारावर 'घर विकणे आहे'ची पाटी ठोकत होता, तोच दार उघडलं. ती... केस ओले, खांद्यावर टॉवेल. कारखान्यात सुटे भाग तपासायची. तिलाही घरी बसवलं होतं.

"पाटी डावीकडे कललीय," ती म्हणाली.

"घर तर सरळ आहे ना?"

"घर पास. पाटी नापास."

"मग उद्या येऊन नीट करतो."

"आज काय हात दुखतात?"

"आजच नीट केली, तर उद्या कशाला येऊ?"

ती हसली. हा पडता पडता राहिला. मी स्टूल धरलं होतं म्हणून!

मग रोजचंच झालं. कधी कुलपाला तेल, कधी खिडकीची कडी. चहा संपला तरी हा कप हातात धरून बसायचा. एकदा तिच्या केसांना चुना लागला होता. ह्यानं बोट पुढे केलं... आणि मागे घेतलं. जीव जळायचा माझा बघून.

घर मात्र विकलं जाईना. माणसं यायची, नाक मुरडून जायची. मी म्हटलं, दिवसच वाईट.

तेवढ्यात कारखान्यानं आणखी माणसं काढली. कोपऱ्यावरच्या फोरमननं घाबरून मिळेल त्या किमतीला घर विकून टाकलं. झालं! पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक तोच भाव सांगायला लागलं. शेवटी तिचं घर गेलं, ते बँकेचं कर्ज फिटण्यापुरतं. हातात काही उरलं नाही.

सह्या आमच्याच घरविक्रीच्या दुकानात, माझ्यादेखत झाल्या. घेणारा निघून गेला आणि ह्याला कंठ फुटला.

"गिऱ्हाइकं मीच घालवली... मुद्दाम दुपारी आणायचो. नळ कोरडे, शेजारचा गॅरेजवाला पत्रा ठोकतोय. ओल आलेली भिंत मीच दाखवायचो. घर विकलं असतं, तर तू गेली असतीस—"

तिनं सहीचा पेन टेबलावर ठेवला.

"कुठे जाणार होते मी? घर वेळेवर विकलं असतं तर इथेच खोली घेऊन छोटं वर्कशॉप टाकणार होते. तू विचारशील म्हणून... वाट बघत होते, वेड्या."

"मग आता विचारतो—"

"आता परगावची नोकरी धरलीय. पोट आहे ना."

"मी येतो तिकडे."

"नको. तू गोड बोललास तरी मी तुझा शब्द तपासत बसेन... तसा संसार नको मला."

तिनं माझा हात घट्ट दाबला आणि निघाली. हा दारापर्यंत गेला. तिथूनच परतला.

संध्याकाळी ताटासमोर बसला, घास तोंडात जाईना. मी आमटी वाढली आणि तोंडावर सांगितलं,

"जेव. पोटच्या पोराला मी उपाशी ठेवणार नाही. पण मला मुलगी असती ना, तर तुला दिली नसती."