पंचफुलाबाईंचा अनसिंगला झालेला सत्कार

अनसिंगच्या स्टेशनावर दुपारी गाडी थांबली तेव्हा पंचफुलाबाईंना घ्यायला त्यांचा भाचा देवमन आला होता. देवमन वाशीमच्या एसटी डेपोत कारकून. त्याने आत्याची ट्रंक खांद्यावर घेतली आणि बाहेर उभ्या असलेल्या दमणीत ठेवली. बैलांच्या शिंगांना कुणीतरी निळे गोंडे बांधले होते.

"हे काय रे?" पंचफुलाबाई हसल्या.

"सत्कार हाय आत्या. नवरीसारखं नेतो तुले."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर वाळून कापणीला आली होती. कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि दमणी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिल्या.

मुंबईत टेलिव्हिजन सुरू झालं तेव्हापासून पंचफुलाबाईंना लोक नावाने हाक मारीनासे झाले होते. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, हातात एखादं भांडं, अशा त्या पडद्यावर आल्या की बघणाऱ्याला आपली आई आठवायची. दादरच्या मंडईतली भाजीवाली मेथीच्या जुडीबरोबर कोथिंबीर फुकट घालायची आणि म्हणायची, "काल तुम्हाला बघून जेवण गेलं नाही हो, आई." त्याच्या आधी त्या नाटक कंपन्यांतून फिरल्या होत्या, आणि त्याच्याही आधी वऱ्हाडात जलशात गायल्या होत्या. नवरा विशीतच गेला. मूल झालं नाही. पडद्यावर मात्र कितीक पोरांच्या त्या आई झाल्या.

अनसिंगमध्ये एकाच्याही घरी टेलिव्हिजन नव्हतं. अठ्ठ्याहत्तर सालीसुद्धा मुंबईचं चित्र वऱ्हाडापर्यंत येत नव्हतं. तरी देवमनने सत्कार ठरवला. गावातल्या काही मोठ्या शेतकऱ्यांनी सुचवलं, सत्कार करा, चांगली गोष्ट आहे, पण विहाराच्या आवारात करा. देवमन अडून बसला. "बाई गावाची हाय. मांडव गावातच पडन." शेवटी बाजाराच्या ओट्यावर मांडव पडला. त्या ओट्यावर पंचफुलाबाईंच्या आईला कधी टेकू दिलं नव्हतं. आता तिथे लेकीसाठी खुर्ची ठेवली होती.

घरी देवमनच्या बायकोने, भागिरथाने, चहा केला. अंगणात बाया जमल्या. जयभीम झाले, पाया पडणं झालं. मग एकीने विचारलं, "तुमचं ते टीवीतलं नाटक व बाई, ज्याच्यानं अख्खी मुंबई रडली म्हन्ते, ते कसं होतं?"

पंचफुलाबाईंना सांगायला आवडायचं. "साधीच गोष्ट हाय. एका मायचं पोरगं बाहेर जाते न वापस येत नाही. लोकं त्याचा सदरा आनून देतात. ते सदरा छातीशी धरते न रडते. बस, तेवढंच. लेखकानं पोराचं नाव वसंत ठेवलं होतं. माया तोंडात ते बसेच ना. तालमीत माया तोंडातून आपोआप इंद्रभान निघालं. डायरेक्टर म्हने, हेच राहू द्या."

भागिरथाने हातातली कपबशी खाली ठेवली.

"काय झालं?"

"काही नाही आत्याबाई. चंपाबाईच्या पोट्ट्याचं नावबी इंद्रभानच होतं."

"हाय म्हन," दुसरी पटकन म्हणाली. "होतं म्हनू नको. ते आयकीन."

चंपाबाई म्हणजे शेजारच्या घरातली. पंचफुलाबाईंच्याच वयाची, दोघी लहानपणी एका डफाभोवती बसून गायलेल्या. तिला उशिरा झालेला एकुलता एक मुलगा वाशीमला कापसाच्या जिनात कामाला होता. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका दुपारी तो घरून एसटीकडे निघाला. एसटीत चढताना त्याला कुणी पाहिलं नाही. विहिरी पाहिल्या, नदी पाहिली, पोलिसांत सांगितलं. काहीच सापडलं नाही. चंपाबाईने मात्र त्याला कधी मेला म्हटलं नाही, कुणाला म्हणू दिलं नाही, आणि ती रडलीही नाही. रोज दुपारी त्याचं ताट वाढते आणि समोर बसून राहते.

"गावोगाव इंद्रभान हायत," देवमन म्हणाला.

पंचफुलाबाईंनी मान हलवली. त्यांनाही तसंच वाटलं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच त्यांनी घरातले देव सोडले होते आणि देवांबरोबर भुतंही सोडली होती. पण नाटक चार वर्षांपूर्वीच दाखवलं होतं, पावसाळ्यात. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

बाया पांगल्यावर चंपाबाई आली. ती बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"पंचफुले, आज तुले लोकं रड म्हनतीन."

"म्हनतीन. तेच पाहाले त येऊन राह्यले."

"तू रडू नको."

"काहून व?"

"तू रडली न माया पोट्टा गेला."

पंचफुलाबाईंना राग आला नाही. असे लोक त्यांना मुंबईतही भेटत. पडद्यावरचं खरं धरून चालणारे. त्या शांतपणे म्हणाल्या, "चंपे, ते नाटक होतं. अन् तुया घरी कुठी टीवी हाय? तू पाह्यलं कवा?"

"पाह्यलं नाही. आयकलं." चंपाबाईने आपल्या घराकडे बोट केलं. "चुलीपाशी बसलो होतो मी. इंद्रभान निघून जरासाच वेळ झाला होता. अन् बाजूले कोनी तरी रडाले लागलं. तुया आवाज व. तुया आवाज मी नाही वयखत? इंद्रभान, इंद्रभान म्हनून रडत होती. मी म्हटलं, हे मुंबईची बाई माया पोट्ट्यासाठी काहून रडून राह्यली? तो त आत्ताच गेला."

भागिरथा चुलीकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही.

"अन् मंग दोन सालानं पोयाच्या आदल्या दिवशी अजून आयकू आलं," चंपाबाई म्हणाली. "तवा हे झालं."

तिने पदराखालून एक फोटो काढला. वाशीमच्या स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेल्या पडद्यावर कमानी आणि कारंजं. खुर्चीत चंपाबाई बसलेली. तिच्या खांद्यावर हात ठेवून कुणीतरी उभं असावं, कारण खांद्यावरचं लुगडं दाबलं गेलं होतं, बोटांच्या जागी चुण्या पडल्या होत्या. पण तिथे कुणी नव्हतं. कमानी आणि कारंजं होतं.

फोटो नीट धुतला नसेल, पंचफुलाबाईंनी मनाशी म्हटलं. असं होतं. चेहरे उडतात. लोकांच्या मागणीवरून ते नाटक पुन्हा दाखवलं होतं, ते पोळ्याच्या सुमारासच, हे त्यांना तेव्हाच आठवलं.

"आता माया एकटीच्याच ध्यानात हाय तो," चंपाबाई म्हणाली. "बाकीच्याले इचार, त्याचं तोंड कसं होतं. कोनी सांगत नाही. आज रडशीन त मीबी इसरीन."

ती गेली. पंचफुलाबाईंनी देवमनला विचारलं, "कसा दिसे रे इंद्रभान?"

देवमनने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मग म्हणाला, "चला आत्या, टाइम झाला."

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या खेड्यांतून माणसं आली होती. ऊन कलतं होतं, पण अजून झगझगीत होतं. सरपंच जगदेवराव पाटलांनी शाल आणि नारळ दिला, हार घातला. दोन भाषणं झाली. पंचफुलाबाई ओट्यावरच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोर पहिल्या रांगेत त्यांच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या, आणि आजवर कधीच नव्हत्या तशा मान वर करून त्या ओट्याकडे पाहत होत्या.

मग सरपंचांनी माइक ओढला. "बाई, आमच्या गावात टीवी नाही. तुमचं ते रडनं एकडाव आमाले दाखवा. आमाले बी कयू द्या, मुंबई काहून रडली."

टाळ्या पडल्या. मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या. "रडा बाई! रडा!"

पंचफुलाबाई उठल्या. उभ्या हयातीत त्यांनी लोकांना नाही म्हटलं नव्हतं. डोळ्यांना काही न लावता त्या मनात येईल तेव्हा रडू शकत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. गर्दीच्या कडेला, त्या दाटीतही एकटी, चंपाबाई उभी होती. तिच्याकडे त्यांनी पाहायचं टाळलं. आपण रडणार नाही, असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. ठरवायला हवं असंही वाटलं नव्हतं.

सदरा नव्हता, म्हणून देवमनने सत्काराची शाल पुढे केली.

शाल कोरी होती, दुकानाची घडी तशीच होती. पंचफुलाबाईंनी ती हातात घेतली आणि त्यांचे तळवे ओले झाले. त्यांनी पाहिलं. शाल कोरडी दिसत होती. हातांना ती पावसात भिजल्यासारखी जड आणि गार लागत होती. तिला वास येत होता. सरकीचा, मशीनच्या तेलाचा, तरण्या माणसाच्या घामाचा.

त्यांनी डोळे मिटले.

आणि कुणीतरी रडायला लागलं.

आवाज त्यांचाच होता. स्टुडिओत रडलेला, जसाच्या तसा. तोच हुंदका, तोच मध्ये अडकलेला श्वास. "इंद्रभान... इंद्रभान रे..." अगदी कानाशी, जणू शेजारी खाली बसून कुणी रडतंय.

पंचफुलाबाईंचे ओठ मिटलेले होते.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी पदर तोंडाला लावले. शिट्ट्या थांबल्या. लाउडस्पीकरवाल्याने घाबरून बटण बंद केलं. रडणं चालूच राहिलं.

चंपाबाईचा चेहरा बदलत होता. ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी कपाळाला आठ्या घालून उभी होती, आणि ते तिच्यापासून दूर जात होतं.

पंचफुलाबाईंच्या छातीत एकदम आग भडकली. किती वर्षं! सदरा हातात द्यायचा आणि म्हणायचं, रड. पोर कसं गेलं, कुणी नेलं, आईने ते मानलं का, कुणी विचारलं नाही. फक्त रड. चांगली रडते म्हणून टाळ्या.

"चूप!" त्या ओरडल्या.

माइक बंद होता. तरी बाजाराच्या टोकापर्यंत आवाज गेला. जलशातला आवाज होता तो.

"चूप बस! कोन व तू रडनारी? माया आवाजानं रडाले तुले कोनं सांगतलं?"

रडणं थांबलं.

इतकं गप्प झालं की बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली.

पंचफुलाबाईंनी शाल ओट्यावरून खाली फेकली. "हा सदरा माया पोराचा नाही. घेऊन जा तुमचा तुमी. मढं पाह्यलं का कोनी? नाही पाह्यलं. मंग काहून रडू? मी रडत नाही! इंद्रभान जेवाले येऊन राह्यला. त्याले वाट द्या."

कुणी हललं नाही.

"येऊन राह्यला," कडेने चंपाबाई म्हणाली.

"येऊन राह्यला," पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली. मग तिच्या शेजारची. मग मागच्या बाया, कापूस वेचून तशाच आलेल्या, कमरेला ओट्या बांधलेल्या. पुरुष इकडे तिकडे पाहत होते. सरपंच खुर्चीत बसले.

मग गर्दी मागून दुभंगली.

रस्त्याकडच्या टोकाला माणसं बाजूला सरली. मग त्यांच्या पुढची. कुणी कुणाला ढकललं नाही. जो तो अंग चोरून, दुसऱ्याला जागा द्यावी तसा, सरकत होता. एक माणूस चालेल एवढीच वाट.

वाटेत कुणी नव्हतं.

वाट चंपाबाईपाशी येऊन थांबली.

चंपाबाईने मान वर केली. आपल्यापेक्षा उंच माणसाकडे पाहतात तशी. तिने पदराने हवेतच काहीतरी पुसलं. मग ती वळली आणि घराकडे चालू लागली, एका बाजूने, अर्धी वाट मोकळी सोडून.

"वाहाना बाहेर काढजो," जाताजाता ती म्हणाली. "चिखल हाय."

महिनाभर गावात पाऊस नव्हता.

घरी आल्यावर देवमन म्हणाला, "लोकायनं चंपाबाईले वाट देल्ली आत्या. दुसरं काय."

"चंपाबाई त कडेला उभी होती," भागिरथा म्हणाली. "वाट मांगच्या रस्त्याकडून आली तिच्यापाशी."



सकाळी निघताना पंचफुलाबाई चंपाबाईच्या दाराशी थांबल्या. चंपाबाई अंगण सारवत होती. तिने हात धुतले आणि बाहेर आली. ती दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"दिसते का तुले?" पंचफुलाबाईंनी हळूच विचारलं.

"मले दिसाचं काय काम? जेवते." चंपाबाई हसली. मग जवळ येऊन म्हणाली, "आता कोनासाठीच रडू नको, पंचफुले."

"नाही रडत," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मुंबईले गेलो की सांगून देतो त्याईले. मेलेल्या पोराची माय करनं बंद. जे रोल केले ते केले, पर त्यातलं एकबी पोरगं मेलं असं मी आता मानत नाही."

हे त्यांनी मोठ्याने, ताठ मानेने सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांना फार हलकं वाटलं.

देवमनने त्यांना गाडीत बसवून दिलं. डब्यात गर्दी नव्हती. समोरच्या बाकावर एक बाई बोचकं मांडीवर घेऊन बसली होती, अकोल्याला चाललेली. पंचफुलाबाई बाकाच्या मधोमध ऐसपैस बसल्या. गाडी सुटली, तुरीची शेतं मागे पडू लागली.

बराच वेळ ती बाई पंचफुलाबाईंच्या मागे, दरवाज्याकडे पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"बाई, जराशा सरका न. पोरायले बसू द्या. केव्हाची उभी हायत."

"कोनाची पोरं?"

"तुमचीच व. तुमच्यासंगच त चढली."

पंचफुलाबाईंनी मागे पाहिलं नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि खिडकीपर्यंत सरकल्या. जागा मोकळी झाली. बाकाची फळी करकरली. मग पुन्हा करकरली, त्यापलीकडे आणखी एकदा, आणि शेवटी थेट दाराकडच्या टोकाशी.

समोरच्या बाईने कौतुकाने मान हलवली.

"लय गुनाची हायत," ती म्हणाली. मग जरा वाकून तिने निरखून पाहिलं. "पर एकाचीबी पापनी लवत नाही."