ट्रंकेतलं कार्ड मिळालं

बाळाची झोप चिमणीएवढी. तेवढ्यात लिहितेय. पटो, न पटो... माझ्या नणंदेची, ताईंची, मोडलेली बोटं साक्षीला आहेत.

ताई आमच्या पुढच्या खोलीतून पोस्टकार्डांची देवाणघेवाण चालवतात. देशोदेशीची अनोळखी माणसं एकमेकांना कार्डं धाडतात. प्रत्येक कार्डाला नंबर. ज्याला ते मिळेल, त्याने नंबर कळवायचा. ताईंचा नियम एकच: कुणाचाही पत्ता खोडायचा नाही.

मग युद्ध पेटलं. सीमेपलीकडचं टपाल बंद झालं. तिकडे जायची कार्डं ताई ट्रंकेत साठवू लागल्या.

त्या दुपारी भोंगा वाजून गेला आणि गल्लीतला कुलूपवाला हातोडी घेऊन आत शिरला. त्याचा मुलगा आघाडीवर पडला होता.

"शत्रूचे पत्ते जाळ आधी!"

"दादा, पाणी प्या. पत्ते मात्र राहतील."

"माझं पोर खाल्लं त्यांनी. आणि तू त्यांना फुलांची चित्रं पाठवतेस?"

हातोडी पडली.

टेबलावर ताईंचा उजवा हात होता.

हाडांचा तो आवाज... रक्त भिंतीपर्यंत उडालं. मी बाळाला पोटाशी घट्ट धरलं.

त्याने पुन्हा हातोडी उगारली.

खट्...

दाराच्या टपालफटीतून एक कार्ड आत पडलं.

मी खिडकीतून पाहिलं. बाहेर कुणीच नव्हतं.

कार्डाला जळका वास. मागे एक नंबर आणि एकच शब्द. "मिळालं."

तो नंबर... ट्रंकेतल्या कार्डाचा होता. न पाठवलेल्या.

खट्. खट्. खट्...

कार्डं थांबेनात. कुलूपवाल्याने एक उचललं आणि पांढराफटक पडला. त्याच्या मुलाचं अक्षर.

"बाबा, पत्ता खोडू नका. आता माझाही तोच आहे."

त्याने स्वतःचा हात टेबलावर ठेवला... आणि ठेचत राहिला. मला तो आवरेना.

आता ताई डाव्या हाताने पत्ते लिहितात. तो रोज फटीपाशी येऊन बसतो. "आमच्या दोघांत मिळून दोन धड हात आहेत," ताई हसतात, "काम अडायचं नाही."

परवा मी बाळाचा पंजा शाईत बुडवून एका कार्डावर उमटवला. पलीकडच्या एका आजींसाठी. कार्ड ट्रंकेत ठेवलं.

आज उत्तर आलं.

"मिळालं. बाळाचा हात इतका गार का?"

मी पेन घेतलं. आजींच्या पत्त्यावर टेकवलं...

नाही खोडला.

बाळाची मूठ माझ्या हातात आहे. गरम आहे.

दर ओळीला चाचपून बघतेय.