भिंगाचं बारसं

"आजपासून म्हातारपण ही शारीरिक अवस्था राहिलेली नाही, ती केवळ एक वाईट सवय उरली आहे!" मिरजेच्या त्रिकाल नेत्रप्रयोगशाळेत जमलेल्या पाहुण्यांसमोर डॉ. फाल्गुन सबनीसांनी हे जाहीर केलं, आणि टाळ्या चालू असतानाच ते ऐटीत वळून काचेच्या दारावर आदळले. काच त्याच सकाळी पुसली होती. दृष्टी या विषयात ज्यांचा शब्द अखेरचा मानत, त्या माणसाच्या नाकाला मग शेजारच्या दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी टाके घातले.

त्या पाहुण्यांत विद्युल्लता ओगले होत्या. सत्तरीला टेकलेल्या, जिल्ह्याच्या ज्येष्ठ महिला क्रिकेट संघाच्या यष्टिरक्षक. या स्पर्धांमध्ये डावाच्या मध्यावर खेळाडू पाण्याऐवजी गोळ्या घ्यायला थांबत. पण त्यापलीकडे कुणी कुणाला सवलत देत नसे. विद्युल्लताबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गेल्या मोसमात त्यांनी एक झेल सोडला, तो चेंडू नसून कबूतर होतं, आणि दुसरा पकडला, तेही कबूतरच होतं.

बाईंच्या शेजारी त्यांचे यजमान दिनकरराव बसले होते. एसटी महामंडळात त्यांनी जन्मभर गाड्यांची वेळापत्रकं आखली. गाड्यांनी ती कधी पाळली नाहीत, म्हणून निवृत्तीनंतर ते स्वतःच घरात वेळापत्रकाप्रमाणे धावत असत. सकाळी खिडकीजवळची खुर्ची, दुपारी दिवाण, संध्याकाळी पुन्हा खुर्ची. सामना असला की मैदानाबाहेर पहिली रांग, डावं टोक. बायकोने आयुष्यात एकदा तरी चेंडू सोडून आपल्याकडे बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती, कारण ती कुठल्या वेळेत बसवावी हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. मृदुला केंभावी सरळ स्वभावाच्या होत्या. त्यांनी ओगल्यांच्या देखतच सबनीसांना धारेवर धरलं.

"साधं भिंग बसवलं तर बाईंना लख्ख दिसेल. मग तुमचं हे अग्रभिंग कशाला?"

"लख्ख दिसेल, पण उशिरा दिसेल," सबनीस नाकावरची पट्टी सांभाळत म्हणाले. "डोळ्याने पाहिलेलं मेंदूला कळायला वेळ लागतो. वय वाढलं की तो वाढतो. वहिनींना चेंडू दिसतो तेव्हा तो तिथून निघून गेलेला असतो. आमचं भिंग चेंडूचा वेग मोजतं आणि तो जिथे पोचणार, तिथेच आत्ता दाखवतं."

"एवढं गणित करायला ताकद कुठून येते?"

"डोळ्याच्याच उबेतून. ती थोडी असते, म्हणून भिंग काटकसर करतं. मोजक्या गोष्टींकडे ते ताजं बघतं. बाकी सगळं आठवणीतून भरतं. जे जिथे एरवी असतं, ते तिथे आहे असं दाखवतं."

"म्हणजे खोटं दाखवतं."

"शिळं दाखवतं. शिळी पोळी तुम्ही खाता की नाही?"

"खाते. पण ती ताजी आहे असं मला कुणी सांगत नाही."

"तुमचा मेंदू रोज सांगतो, बाई. प्रत्येकाच्या डोळ्याच्या पडद्यावर एक भोक असतं, जिथे काहीच दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन ते बुजवतो आणि गप्प बसतो. आम्ही ते भोक जरा मोठं केलंय, एवढंच."

विद्युल्लताबाईंना यातलं "चेंडू आत्ताच दिसेल" एवढंच ऐकू आलं होतं.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. मग आला नामकरणाचा विधी. प्रयोगशाळेतली माणसं त्याला बारसं म्हणत. ज्या गोष्टी ताज्या दिसायला हव्यात, त्यांच्याकडे बघून रुग्णाने त्यांचं नाव स्वतःच्या आवाजात घ्यायचं. नाव मिळालं की ती गोष्ट भिंगाच्या दृष्टीने जिवंत. जागा बेताच्याच होत्या.

"चेंडू," विद्युल्लताबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बॅट. स्टंप." मग गोलंदाज मैत्रिणींना रांगेत उभं केलं होतं, त्यांच्याकडे पाहून, "आक्की. झुबेदा. मोठी लीला." जिन्याच्या आणि गॅसच्या शेगडीच्या चित्रांकडे बघून "जिना" आणि "गॅस" म्हणून झालं, कारण त्याशिवाय केंभावी सही करायला तयार नव्हत्या. एकच जागा उरली.

"आता आमच्या दिनकररावांकडे बघा," सबनीस म्हणाले. "आणि नाव घ्या."

विद्युल्लताबाईंनी मान खाली घातली. फलंदाजाच्या कानाशी दिवसभर नाही नाही ते बोलणारी ही बाई लाजली.

"घ्या ना."

"हे," त्या म्हणाल्या.

"हे काय?"

"अहो, हेच. आमचे हे."

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. आक्की ओरडली, "अगं, घे की! त्याला काय मुंडावळ्या बांधायच्यात परत?" पण बाईंची जीभ रेटेना. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला "अहो" म्हटलं होतं, लोकांना सांगताना "हे" म्हटलं होतं, आणि गॅसच्या पुस्तकावर नाव विचारलं तेव्हा बोटाने दाखवलं होतं. भिंगाला नावं शिकवणाऱ्या, सबनीसांच्या हातातल्या यंत्राने मात्र आपलं काम चोख केलं. "हे" हा शब्द त्याला ठाऊक होता. सर्वनाम. कशालाही लागू पडणारं. ते नाव धरता येईना, तेव्हा त्याने दिनकररावांना बाकीच्या जगात टाकलं, म्हणजे भिंत, पडदे आणि फ्रीज यांच्यात. उरलेली जागा विद्युल्लताबाईंनी मग स्टंपांवरच्या बेल्सना दिली.

खेळाचं म्हणाल तर सबनीस खरे ठरले. पहिल्याच सामन्यात बाईंनी असा झेल घेतला की बाद झालेली फलंदाज तंबूत जाताना वळून वळून बघत होती. चेंडू हातमोज्यांत येण्याआधी हातमोजे तिथे येऊन बसलेले असत.

घरी काही बिघडलंय हे दिनकररावांच्या लक्षात यायला मात्र बराच वेळ लागला, कारण वरवर काही बदललं नव्हतं. त्यांनी नवा सदरा घातला, बायकोने पाहिला नाही. हे पूर्वीचंच. त्यांनी मिशी काढली, बायको काही बोलली नाही. हेही पूर्वीचंच. शंका आली ती, ते स्वयंपाकघराच्या दारात उभे असताना बायको थेट त्यांच्या अंगावर चालून आली तेव्हा.

"इथे काय आडवं ठेवलंय?" ती म्हणाली.

"अगं, मी आहे."

"हो, दिसताय की," असं म्हणून तिने खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून प्रेमाने हात हलवला.

आवाज दारातून आला आणि माणूस खुर्चीत दिसला, तरी तिला काही खटकलं नाही. यालाही सबनीसांकडे उत्तर होतं. कान आणि डोळा यांच्यात भांडण झालं की मेंदू डोळ्याची बाजू घेतो, बोलक्या बाहुल्यांचे खेळ त्याच जोरावर चालतात, असं त्यांनी नंतर फार रसाळपणे समजावलं.

एके दुपारी दिनकरराव मोरीबाहेर पाय घसरून पडले. कंबर धरून ते विव्हळत होते. विद्युल्लताबाई धावत आल्या, दिवाणाजवळ गुडघे टेकून बसल्या आणि तिथल्या उशीला म्हणाल्या, "कुठे दुखतंय? इथे? जरा चेपून देऊ?" मग बाम आणायला जाताना त्यांनी नवऱ्याच्या छातीवर पाय दिला, आणि फरशी फुगलीय, गवंड्याला बोलवायला हवं, असं म्हणत पुढे गेल्या. बाम उशीला लावला गेला. दिनकररावांनी जमिनीवरून ते सगळं पाहिलं. इतक्या मायेने बायकोने त्यांना कधी चेपून दिलं नव्हतं. त्यांना उशीचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन प्रयोगशाळेत गेले.

"सोपं आहे," सबनीस म्हणाले. "वहिनी, बेल्सची जागा यांना द्या. स्टंप दिसतायत, तेवढं पुरे. यांच्याकडे बघायचं आणि यांचं नाव घ्यायचं. नाव उच्चारलं की भिंग समोरची जागा ताजी करून बघतं आणि तिथे जे असेल त्याला ते नाव चिकटवतं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एका जागेवरचं नाव एकदाच बदलता येतं. पुन्हा नाही. आणि नवं नाव पचायला काही दिवस लागतात, तोवर चेंडू शेपटीसकट दिसेल."

"शेपटीसकट?" विद्युल्लताबाई दचकल्या. "अहो, रविवारी कोल्हापूरला अंतिम सामना आहे!"

"विद्युत," दिनकरराव म्हणाले, "काल तू माझ्या अंगावरून चाललीस."

हे त्यांनी दारापाशी उभं राहून म्हटलं. बाईंनी बाकाच्या कोपऱ्याकडे, जिथे ते नेहमी बसत, तिथे पाहून उत्तर दिलं.

"मला काय मुद्दाम करायचं होतं का? सामना झाला की घेते नाव. मैदानातच घेते, सगळ्यांसमोर, उखाण्यात. नुसतं माझ्याच्याने नाही घेववणार. रविवारपर्यंत तुम्ही काय पळून चाललात का?"

"पळून गेलो तरी तुला कळणार नाही," दिनकरराव म्हणाले. पण ते थांबायला तयार झाले. उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहणं हा त्यांच्या नोकरीचा भाग होता.

सबनीसांना ही कल्पना भलतीच आवडली. वार्ताहरांसमोर बारसं! मंचाशेजारी आपल्यासाठी खास जागा ठेवायची सूचना त्यांनी संयोजकांना त्याच दिवशी धाडली.

रविवारी विद्युल्लताबाईंनी सामना जवळजवळ एकटीने जिंकला. शेवटच्या जोडीतली फलंदाज रेषेबाहेर पाऊल टाकणार हे ओळखून त्या तयार होत्या, आणि आक्कीचा वळलेला चेंडू हाती येताक्षणी बेल्स उडाल्या. मैत्रिणींनी त्यांना उचललं, मग पाठी धरल्या आणि खाली ठेवलं. दिनकरराव मांडवात पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. बाईंनी तिकडे बघून हात हलवला. योगायोगाने, भिंगाने दाखवलेल्या जागी या वेळी ते खरोखरच होते.

बक्षिसं झाली. सबनीसांनी माईक घेतला, मानवी दृष्टीच्या इतिहासावर बोलले, आणि खिशातल्या यंत्राची कळ दाबून म्हणाले, "आता वहिनी, नाव घ्या!"

"नाव घ्या! नाव घ्या!" दोन्ही संघ ओरडू लागले. हरलेला संघ जास्त जोरात ओरडत होता.

विद्युल्लताबाईंनी हातमोजे काखेत मारले, लग्नातल्यासारखा पदर शोधला, तो नाही हे पाहून टी-शर्टची बाही सारखी केली.

दिनकररावांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ती घेणार होती. खरंच घेणार होती, चारशे माणसांसमोर. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुठल्याही वेळापत्रकात नसलेली गोष्ट केली. ते खुर्चीतून उठले आणि कंबर विसरून चक्क धावत मंचासमोर जाऊन उभे राहिले. तिच्यापासून दोन हातांवर. जवळून ऐकायचं होतं त्यांना.

विद्युल्लताबाईंना ते पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला शांतपणे बसलेले दिसत होते. नेहमीसारखेच. त्यांनी तिकडे नजर लावली आणि लाजत, पण स्वच्छ आवाजात म्हटलं,

"यष्टीमागे उभी मी, हाती हातमोजे,
दिनकररावांचं नाव घेते, हलकं झालं ओझे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंगाने ठरल्याप्रमाणे समोरची जागा ताजी करून पाहिली. तिथे लाल प्लास्टिकची खुर्ची होती. एका पायाला तडा गेलेली, पाठीवर "अंबाई मांडव" असं रंगवलेली, रिकामी.

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "गेलात कुठे?"

"इथे. समोर आहे मी, विद्युत."

दिनकररावांनी तिचा हात धरला. तिने दचकून तो झटकला. पूर्वी निदान शिळे तरी दिसत होते. आता त्या नावावर खुर्ची होती, आणि भिंगाच्या हिशेबी दिनकरराव नावाची दुसरी वस्तू जगात नव्हती.

सबनीसांनी यंत्राकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग वार्ताहरांकडे, आणि माईक बंद केला.

"तुम्हाला उठायला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी दातओठ खात विचारलं.

"तिने नाव घेतलं हो माझं," दिनकरराव म्हणाले.

सबनीसांसोबत आलेल्या डॉ. केंभावींनी कपाळावर हात मारून घेतला. "आता ही जागा बदलता येत नाही ना? मग बेशरमपणे उभे काय राहिलात, काहीतरी सुचवा."

सबनीसांनी विचार केला. "हातातली बॅट ताजी दिसते तेव्हा ती धरणारा हातही दिसतो. जे वस्तूला टेकलेलं असतं, त्याला भिंग वस्तूचाच भाग समजतं. दिनकरराव, जरा जाऊन बसा बघू त्या खुर्चीत."

दिनकरराव चालत गेले. बायको भलतीकडेच, गर्दीत त्यांना शोधत होती. ते खुर्चीत टेकले, पाठ लावली, हात खुर्चीच्या हातांवर ठेवले.

विद्युल्लताबाई वळल्या, आणि वळल्या तशाच थबकल्या. मग मंचाच्या पायऱ्या उतरून त्या धावत आल्या, खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या. झेल घेताना चेंडूकडे बघत, तशा. पापणी न हलवता.

"अहो, मिशी कधी काढलीत?" त्यांनी विचारलं. "आणि इतके वाळलात कधी? गालफडं बघा." त्यांनी दोन्ही हातांत नवऱ्याचा चेहरा धरला. "डोळे घारे आहेत की तुमचे! मला वाटायचं काळे."

दिनकररावांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले होते. एवढं कुणी बघितलं की माणसाला काय होतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

"हलू नका हं," ती म्हणाली.

"नाही हलत," ते म्हणाले.

मैदान रिकामं होत होतं. मागच्या रांगांमधून खुर्च्या एकात एक घालण्याचा खटखट आवाज येत होता. तो जवळ आला आणि थांबला. खांद्यावर पंचा टाकलेला मांडववाला दिनकररावांच्या मागे येऊन उभा राहिला आणि अदबीने खाकरला.

"काका, जरा उठता का? टेम्पो भरायचाय."