ठसका लागला नाही

लसीची सुई मांडीत शिरली आणि बाळ हसलं.

रेवानं लेकीला, मैनाला, चटकन छातीशी धरलं. नर्सबाई मात्र खूश. "काय गुणाचं लेकरू हो मॅडम तुमचं! यंदा सगळीच अशी. सकाळपासून एकानं भोकाड पसरलं नाही."

रेवानं मान वळवून पाहिलं. नंदुरबारच्या तापी वनस्पती-औषध संस्थेच्या दवाखान्यातली ती पांढरी खोली आयांनी गच्च भरली होती. सुया टोचल्या जात होत्या, कापूस दाबला जात होता, आणि खोलीत भर दुपारच्या देवळासारखी शांतता होती. लसीकरणाची खोली ती! तिथं कानठळ्या बसायला हव्यात. पण न रडणारं मूल शहाणं आणि न बोलणारी सून गुणी, अशी आपली रीत. गप्प बसलेल्याला काय झालंय हे विचारायची आपल्याला सवयच नाही. बाया एकमेकींच्या पोरांकडे कौतुकानं बघत होत्या.

रेवा घाबरली, कारण ती नुसती आई नव्हती. डॉ. रेवा गिरासे याच संस्थेत जनुकतज्ज्ञ होती, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. न दुखणं कशानं येतं हे तिला नेमकं माहीत होतं. तिच्याच गटानं 'शामक ढोबळी' तयार केली होती. दिसायला साधी पिवळी ढोबळी मिरची, पण गरात शमनिन नावाचं द्रव्य. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर दाह आणि वेदना टिपणारी दारं असतात. तिखट खाल्लं की जीभ भाजल्यासारखी वाटते, घशात काही गेलं की ठसका लागतो, ते याच दारांमुळे. शमनिन ही वेदनाद्वारं दोन दिवस बंद करतं. कर्करोगाच्या रुग्णानं एक फोड खाल्ली, की तो शांत झोपतो. औषध म्हणून ते वरदानच होतं.

पण मैनाला ते कुणी दिलं? मैना अंगावर पीत होती, आणि रेवानं शामक ढोबळीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

डॉक्टरांनी मैनाची छाती तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला. तिच्या मनगटावरची, ताप दाखवणारी ज्वरपट्टी लाल झाली होती. "छातीत घरघर आहे. दूध श्वासनळीत जातंय हिच्या."

"पण ती खोकत नाही."

"तेच तर. खोकायला हवं. पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही, मॅडम. संध्याकाळी भरती करा. खाट रिकामी होतेय."

घरी सासूबाईंनी, जिजींनी, नातीला एकदा हात लावला आणि निदान करून टाकलं. "नजर लागली. रडत नाही, रडत नाही म्हणून गावभर मिरवलंत ना!"

"जिजी, ताप आहे तिला."

"असू दे. तुझं औषध तू दे, माझं मी देते."

त्यांनी मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या मैनावरून ओवाळल्या, पुटपुटत तापलेल्या लोखंडी तव्यात टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या. स्वयंपाकघरात धूर कोंडला. जिजी वाट बघत उभ्या राहिल्या. रेवाचा नवरा उदय दारात उभा होता. तव्याजवळ जिजी, मधे रेवा, तिच्या कडेवर मैना.

कुणी खोकलं नाही.

जिजींनी उलथण्यानं मिरच्या खालीवर केल्या. "आई गं! एवढ्या मिरच्या जळल्या न् ठसका नाही? केवढी नजर होती ही!"

"नजर कसली," उदय म्हणाला. "यंदाची मिरचीच फिक्की. ठेच्यात दुप्पट घातली तरी जिभेला पत्ता नाही."

एवढ्यात ओट्याखाली दूध-भाकरी खात बसलेला कुत्रा उठला. एकदा शिंकला, दोनदा शिंकला, मग घशात काटा अडकल्यासारखा खोकत, नाक घासत, बाहेर पळाला.

रेवानं तव्यातल्या मिरच्यांकडे पाहिलं. धूर खराच होता. मिरची फिक्की नव्हती. या घरात ज्याला कधी मिरची मिळाली नाही, त्या एकट्यालाच ठसका लागला होता.

"जिजी, माझ्या ताटात ठेचा कधीपासून वाढताय?"

"झाला की महिना. बाळंतिणीला तिखट देत नाहीत, मला कळतं. पण लागतच नाही तिखट, तर नुसत्या वरणभातावर किती दिवस काढशील? मीच म्हटलं, खा बिनघोर."

आणि रेवानं खाल्लं होतं. फिक्की आहे म्हणून खाल्लं होतं. मिरचीतलं शमनिन तिच्या अंगात, अंगातून दुधात, आणि दुधातून मैनाच्या घशात.

ती मैनाला घेऊन तशीच दवाखान्यात गेली. मैनाला नळीनं वरचं दूध सुरू केलं, उदयला खाटेशी बसवलं, आणि मग ती समोरच्या इमारतीत संचालकांच्या प्रयोगशाळेत घुसली. डॉ. टेंबे वाफाळता चहा पीत होते.

"अशक्य," सगळं ऐकून टेंबे म्हणाले. "शामक ढोबळीचं काचघर बंद होतं."

"जाळी फाटली होती. मी गेल्या वर्षीच तुम्हाला दाखवली होती."

"म्हणूनच मी काचघराबाहेरच्या लवंगी मिरच्या तपासून घेतल्या ना! एकीतही शमनिन नाही. अहवाल स्वच्छ आहे."

"काय तपासलंत? गर?"

"अर्थात गर. लोक गरच खातात."

"सर, तुम्ही रसायनवाले, म्हणून सांगते. गर आईचा असतो. पराग कुठलाही येऊन बसो, यंदाचं फळ आईच्याच वळणाचं निघतं. बापाचा गुण उतरतो बियात, आणि दिसतो पुढच्या पिढीच्या फळात. बी कुणी तपासलं?"

टेंबेंनी चहाचा मोठा घोट घेतला.

"तेच बी आपण जिल्ह्याला वाटलं, आपला शिक्का मारून. आज घरोघरी जी मिरची आहे तिच्यात तिखटही आहे आणि शमनिनही. तिखट आग लावतं, शमनिन ती कळू देत नाही. मिरची फिक्की लागली की खानदेशातला माणूस काय करतो?"

"आणखी घालतो," टेंबे हळूच म्हणाले.

"की मात्रा वाढली. मग ती आणखी फिक्की. आणि फिक्की म्हणून शाळेच्या खिचडीत, बाळंतिणीच्या ताटात. ही दारं नुसती वेदनेची नाहीत, सर. अंगात ऊब किती आहे हेही शरीर तिथूनच वाचतं. दार बंद, म्हणजे शरीर समजतं गारठा पडलाय, आणि ताप चढवत राहतं."

"पण एकाचीही तक्रार नाही!"

"तक्रार जिथून उठते तीच जागा बंद केलीय आपण. कोण बोंबलणार?"

"समिती नेमू. घाई करून घबराट..."

"सर, तुमचे ओठ बघा."

टेंबेंनी खिडकीच्या काचेत पाहिलं. खालच्या ओठावर पांढरा, पाणी भरलेला फोड होता. त्यांनी जीभ बाहेर काढली. तिची साल सुटून लोंबत होती. हातातल्या कपातून अजून वाफ निघत होती, आणि तो कप ते तसाच मुठीत धरून उभे होते.

कप खाली पडला. समिती राहिली बाजूला, टेंबेंनी थेट जिल्हाधिकाऱ्यांनाच फोन लावला. स्वतःचं कातडं भाजल्याशिवाय साहेब लोकांना घाई होत नाही.

सूर्य मावळायच्या आत रेवाचा आवाज जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर वाजला. यंदाची मिरची खाऊ नका. मसाला, ठेचा, लोणचं, सगळं बाजूला ठेवा. लेकुरवाळ्या बायांनो, तुम्ही आधी थांबा. घाबरू नका. दोन दिवसांत सगळं पहिल्यासारखं होईल.

लोकांनी ऐकलं. पोराबाळांचा प्रश्न होता.

दोन दिवस रेवा मैनाच्या खाटेशी बसून राहिली. ताप हळूहळू उतरत होता, पण तिला तेवढ्यानं धीर येईना. तिला ऐकायचं होतं रडणं. ती मैनाच्या तळपायाला चिमटा काढायची आणि श्वास रोखायची. मैना तिच्याकडे बघून बोळकं पसरायची, आणि ते हसू बघून रेवाला हुंदका फुटायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या ओटीपोटात बारीकशी कळ आली.

"उदय!" ती उठून उभी राहिली. "दुखतंय! अरे, दुखतंय मला!" ती हसत होती, रडत होती. उदयनंही तिला हसून धरलं.

कळ थांबली नाही. ती वाढत गेली, कुणी आतून विळा फिरवावा तशी. रेवा गुडघ्यांवर आली. डॉक्टरांनी तिला खाटेवर घेतलं, सिझेरियनच्या टाक्यांवरचा कपडा बाजूला केला, आणि उदयनं तोंड फिरवलं.

"हे किती दिवसांपासून पिकतंय!" डॉक्टर ओरडले. "तुम्हाला कळलं कसं नाही?"

रेवाला उत्तर येत होतं. दार बंद होतं तेव्हा रोग थांबला नव्हता. फक्त वर्दी थांबली होती. टाके उसवत होते, दाढा किडत होत्या, आतडी सुजत होती, भाजलेले पाय सडत होते. सगळं दाराबाहेर साचत होतं. आणि दोन दिवसांपूर्वी, एकाच संध्याकाळी, सगळ्या जिल्ह्याला तिनंच सांगितलं होतं, थांबा.

"डॉक्टर," ती दात आवळून म्हणाली, "खाटा किती आहेत आपल्याकडे?"

तेवढ्यात मैना रडली.

आधी ओठ मुडपले, मग तोंड लालबुंद झालं, आणि मग असा टाहो फुटला की उदयच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "रडली! रेवा, पोरगी रडली!"

रेवानं हात उचलून त्याला गप्प केलं. ती कान देऊन ऐकत होती. शेजारच्या खाटेवरचं मूल रडायला लागलं होतं. मग त्याच्या पलीकडचं. मग दवाखान्याच्या फाटकाबाहेर एक पुरुष गुरासारखा ओरडला, रस्त्याच्या पलीकडून एका बाईनं किंकाळी फोडली. आणि मग गल्लीमागून गल्ली, सगळं नंदुरबार ओरडायला लागलं.