पंधरा मिनिटांचं अंतर

"अर्ध्या तासापायी माझं बाळ गेलं," ती गुप्तहेरबाईंना म्हणाली. "तो अर्धा तास कुणी खाल्ला, तेवढं शोधा. माझं घड्याळाकडे लक्षच नव्हतं."

मांडीवर रिकामं दुपटं होतं. ती त्याची घडी घालत होती, मोडत होती.

धाकट्या बेटावर दवाखान्याची एकच खोली. नर्स म्हणजे हिचीच नणंद. इंजेक्शन मोठ्या बेटावरून विमानानं यायचं होतं. वैमानिकाच्या नोंदवहीत उतरल्याची वेळ सव्वानऊ; नणंदेच्या कागदावर इंजेक्शन दिलं पावणेदहाला. तेव्हापासून नणंदेला घराचं दार बंद होतं.

"वहीच बोलतेय," गुप्तहेरबाईंचे धाकटे दीर म्हणाले. प्रत्येक तपासात ते सोबत असत. "आता शोधायचं काय, वहिनी?"

"आधी विचारू तरी, भाऊजी."

नणंद दवाखान्यातच बसून होती. "विमान नऊ चाळीसला आलं. बाळाचे श्वास मोजत होते, घड्याळ हातातच होतं." दर पाच मिनिटांच्या आकड्यांचा कागद तिनं पुढं केला. "पण माझं ऐकतंय कोण?"

"कागद काय, मागाहूनही लिहिता येतो," बाहेर पडताना भाऊजी पुटपुटले.

धावपट्टीच्या रखवालदारानं हात झटकले. "वेळा वैमानिक लिहितात. मी फक्त वारा मोजतो. त्या सकाळभर ताशी साठ किलोमीटर, इथून मोठ्या बेटाकडे. उभं राहवत नव्हतं."

वैमानिक बोलता बोलता पत्ते पिसत होता. "पंचेचाळीस किलोमीटर अंतर, ताशी एकशेऐंशीचा वेग. पंधरा मिनिटं. नऊला निघालो, सव्वानऊला उतरलो. साडेनऊला परत निघालो, पावणेदहाला पोचलो. शेंबड्या पोरालाही हिशेब जमेल."

"जमेल," गुप्तहेरबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं.

"वही सुबक आहे. येताना पंधरा मिनिटं, जाताना पंधरा. पण वारा साठचा होता. इकडे येताना तो समोरून. वेग उरतो एकशेवीस, म्हणजे साडेबावीस मिनिटं. परतताना तोच पाठीशी, म्हणजे सव्वाअकरा. दोन्हीकडे पंधरा लागतात ते वारा पडलेला असेल तेव्हाच. या वेळा घड्याळ बघून लिहिलेल्या नाहीत. रोजच्या सवयीनं, निघण्याआधीच भरून ठेवल्यात. मग त्या सकाळचं खरं घड्याळ एकच उरतं. श्वास मोजणारं."

भाऊजी बोटांवर हिशेब करत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली.

"नऊ चाळीसला उतरलात, म्हणजे सव्वानऊनंतर निघालात. तोवर काय करत होतात?"

गुप्तहेरबाई वैमानिकाच्या हातांकडे बघत होत्या. पत्ते थांबले होते.

"इंजेक्शनची पेटी सीटवर आणून ठेवली होती," तो म्हणाला. "कुणासाठी, ते नाही सांगितलं कुणी. डाव संपत आला होता."



"कोण जिंकलं?" आईनं विचारलं.

ती उठली. दुपट्याची घडी तिनं नणंदेच्या हातात ठेवली.

"वन्सं, घरी चला."